अंगठ्याखालचा आकडा

ग्रंथालयाचं दार उघडायला एक बोट पुरत होतं. स्क्रीनवर हलकेच टिचकी मारली की काचेची दोन्ही दारं बाजूला सरकत आणि आतून एक झोपाळलेला गोड आवाज म्हणे, "या. आत येताना पायांचा आवाज करू नका." दुपारचे पावणेतीन वाजले होते. ती आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोजे घालून बसली होती. तरीही तिने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले.

विद्यापीठाने तिला पाच वर्षांनी परत घेतलं होतं, पण अर्ध्या मनाने. पत्रात लिहिलं होतं, की अर्धवट सोडलेला प्रबंध पुरा करायचा तर आधी 'ऑनलाइन ग्रंथालय परिचय' करायचा. तो झाला की ग्रंथालयाचा क्रमांक मिळणार, क्रमांक मिळाला की नोंदणी पक्की, आणि सोमवारपासून विद्यापीठात हजर. नाही झाला तर जुने गुण, जुना विषय, जुनी दोन वर्षं, सगळं मुदतबाह्य. शेवटची तारीख आजची, वेळ पाचची. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. पहिला आठवडा पोराच्या दाताने खाल्ला, दुसरा पोराच्या सर्दीने. तिसऱ्या आठवड्याचा दोष मात्र पोरावर ढकलता येत नव्हता. रोज दुपारी ती लॅपटॉप उघडायची, ते काचेचं दार बघायची आणि परत मिटायची.

"किती खोल्या आहेत गं एकूण?" सासूबाईंनी विचारलं. त्या दाराशी बसून चपलेचा बंद ठीकठाक करत होत्या. साडेतीनला त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

"सात. प्रत्येक खोलीत निळे ठिपके असतात. सगळ्या ठिपक्यांवर टिचकी मारायची, आवाज काय सांगतो ते पुरतं ऐकायचं, मग पुढचं दार उघडतं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"दार उघडत नाही."

"शहाणं आहे," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घराला बसवून घ्यायला हवं एक तसलं दार." मग बंद ओढत, "तू घरात बसून ग्रंथालयात. तुझा नवरा ऑफिसात बसून दर तासाला फोनवरून घरात. जिथे बसलेय तिथेच असणारी मी एकटीच उरलेय या कुटुंबात."

आतल्या खोलीत ढब्बू झोपला होता. चौदा महिन्यांचं पोर, पाळण्यातलं नाव कागदावर राहिलं आणि ढब्बू तेवढं चिकटलं. तो झोपला, की ती आधी त्याच्या नाकाशी करंगळी धरून उभी राहायची. श्वास आला, गेला, आला. वीस मोजायची. वीस झाले की वाटायचं, एकविसाव्याचं काय? सासूबाई म्हणायच्या, "अगं, श्वास त्याचा तो घेतो, तू घालायची गरज नाही." हे तिलाही कळत होतं. पण कळणं आणि करंगळी काढून घेणं यांत बरंच अंतर असतं.

आज तिने साठ मोजले होते, आणि मगच येऊन बसली होती.

पहिली खोली देवघेवीची. लांब लाकडी काउंटर, त्यावर शिक्के, त्यामागे एक माणूस. हा सगळा फेरफटका म्हणजे एकाच सकाळी काढलेले फोटो होते. चहूबाजूंनी काढून असे जोडलेले, की बोट फिरवलं की खोली गोल फिरायची. माणसं मात्र जिथल्या तिथे थांबलेली. काउंटरवरच्या माणसाने शिक्का उचललेला, तो खाली यायचाच होता. सगळ्यांचे चेहरे पुसून टाकले होते, ओल्या चित्रावरून अंगठा फिरवावा तसे. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढच्या खोलीत तीच वेळ. त्याच्या पुढच्याही. त्या इमारतीत कायमची दहा वाजून वीस मिनिटं झालेली होती, आणि खिडक्यांतून येणारं ऊन जिथे पडलं होतं तिथून हलायला तयार नव्हतं.

आवाज सांगत होता, पुस्तक कसं मागावं, किती दिवस ठेवावं, परत करताना कुठल्या फटीत सरकवावं. हे सगळं तिला पाठ होतं. एकेकाळी त्या फटीशी उभं राहून तिने कितीदा घड्याळाशी शर्यत लावली होती. पण आवाजाच्या लयीत असं काही होतं, की पाठ असलेलंही पुन्हा ऐकावंसं वाटत होतं. दुसऱ्या खोलीत सूची, छोट्या छोट्या खणांच्या भिंती. तिसरीत नियतकालिकं. चौथी आणि पाचवी म्हणजे नुसती कपाटंच, एकामागे एक, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी. त्यांच्यामधून जाताना स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता तोही तिथलाच वाटायला लागला. कुठल्या तरी कपाटाआड कुणीतरी अगदी सावकाश मोजतंय असं.

"मी निघते गं," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांत थेंब घालतील, तासभर मला तुम्ही सगळे सारखेच दिसाल. रिक्षाने येईन. कितवी चाललीय?"

"पाचवी संपली, आई."

"मग उरल्यात किती, दोन. चहा मी आल्यावरच टाक, दोघी मिळून घेऊ." आणि दार हलकेच ओढून त्या गेल्या.

सहावी खोली वाचनकक्षाची होती.

उंच छत. लांब टेबलांच्या दोन रांगा. डाव्या भिंतीशी एक शिडी, शिडीवर पाठमोरी एक बाई, तिचा एक पाय वरच्या पायरीकडे उचललेला. तिने बोट फिरवलं. खोली वळली. टेबलं गेली, खांब गेला, मग खिडकी आली. खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. हिरवा स्वेटर, उजव्या कोपराला रफू, आणि ते रफू नारिंगी लोकरीचं.

तिचा हात तिथेच थांबला.

हिरवी लोकर मिळाली नव्हती म्हणून नारिंगीने भागवलं होतं. वसतिगृहाच्या खोलीत, खाटेवर बसून, दाताने धागा तोडून. अख्ख्या जगात हिरव्या स्वेटरला नारिंगी रफू करणारी दुसरी मुलगी असेलही, पण ती याच खिडकीशी बसलेली नसणार.

आणि मग एकेक आठवत गेलं. कॅमेरा तीन पायांवर उभा करून आलेला तो फोटोवाला. "कुणी हलू नका, श्वास घेतलात तरी चालेल," असं तो म्हणाला होता आणि खोलीत हसण्याची एक झुळूक फिरली होती. तिने पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं. वाचत होती ते पान हरवू नये म्हणून डाव्या हाताचं बोट आत अडकवलेलं, उजवा हात पुस्तकाच्या पाठीवर. त्याच आठवड्यात घरून फोन आला, आईचं ऑपरेशन. ती चार दिवसांसाठी म्हणून गेली. मग आईला बरं व्हायला चार महिने लागले, मग लग्न, मग नवऱ्याची बदली, मग ढब्बू. चार दिवसांची पाच वर्षं कधी झाली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. आणि ही मुलगी इथे बसून होती. दहा वाजून वीस मिनिटं, बोट पानांत, श्वास रोखलेला.

चेहरा पुसलेला असल्यामुळे ती कशी दिसत होती ते कळत नव्हतं. दमलेली होती का? खूश होती? आपण खरंच इतकं ताठ बसायचो? तिने चित्र मोठं केलं. मनगटावर शाईचा डाग. खिडकीच्या काचेत बाहेरच्या झाडाची फांदी. पुस्तक तपकिरी पुठ्ठ्यात बांधलेलं, त्यावर नाव नाही. ग्रंथालयाच्या बांधणीत नाव नेमकं पाठीवर असतं आणि पाठ तिच्या हाताखाली होती. वाचत काय होतो आपण? विषय तर होता नद्यांची सोडलेली पात्रं. नदी वळण बदलते, जुनी वाट टाकून देते, त्या वाटांवर मग शेतं होतात, घरं होतात. पण हे पुस्तक कुठलं? आठवेना. बाळंतपणाने डोक्याची चाळण होते म्हणतात, आणि चाळणीतून नेमकं पीठच खाली पडतं, कोंडा वर राहतो.

ती बघत बसली. कशाची वाट बघतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. वीस मोजले. चाळीस मोजले. त्या हिरव्या स्वेटरखालची छाती आता हलेल, मग हलेल. मुलगी बोट बाजूला करेल, पुस्तक उघडेल, मान खाली घालेल. हळूहळू तिला वाटायला लागलं, की ऊन आपल्याच मनगटावर पडलंय. गोंदाचा आणि जुन्या कागदाचा तो वास. वर पंख्याची एक पात किंचित कुरकुरतेय. आणि कुठून तरी लांबून, दोन-तीन भिंतींच्या पलीकडून, एक मूल कुशीवर वळल्याचा आवाज येतोय. कुणाचं बरं मूल? ग्रंथालयात मूल कुणी आणलं? खिडकीशी बसलेल्या मुलीला असं वाटलं, की हे मूल आपल्या ओळखीचं आहे, नाव अगदी जिभेवर आहे, फक्त उठून बघायला हवं. पण हलायचं नव्हतं. फोटोवाल्याने सांगितलं होतं.

खोली काळी झाली.

'बराच वेळ आपली हालचाल जाणवली नाही. आपण ग्रंथालयाबाहेर आहात. कृपया दारापासून सुरुवात करा.'

तिने घड्याळ पाहिलं. चार वाजायला चार मिनिटं. आतल्या खोलीत ढब्बू उठला होता, आणि रडण्याआधी तो नेहमी घेतो तसा मोठा श्वास घेत होता.

करंगळी धरून बसायची सवय. जिवंत पोरासाठी ठीक आहे. पण फोटोतल्या मुलीचा श्वास मोजत बसून हातातली वेळ घालवणारी आई, ही आपणच, दुसरी कुणी असूच शकत नाही, हे तिला पोराला उचलता उचलता कळलं, आणि रागाने हसू आलं.

पाच खोल्या पुन्हा, मग सहावी, मग सातवी. प्रत्येक खोलीचा आवाज पुरता ऐकायचा, घाई करता येत नाही. पहिल्या खेपेला पाच खोल्यांना चाळीस मिनिटं गेली होती, पण तेव्हा ती रेंगाळत होती. तिने ढब्बूला मांडीवर घेतलं, त्याच्या एका हातात चमचा दिला, दुसऱ्या हातात दुसरा चमचा, आणि दारावर टिचकी मारली.

"या," आवाज म्हणाला. "आत येताना पायांचा आवाज करू नका."

ढब्बूने दोन्ही चमचे टेबलावर आपटले.

काउंटरच्या माणसाचा शिक्का अजून हवेतच होता. सूचीचे खण. नियतकालिकं. आवाज बोलत होता, चमचे वाजत होते, ती ठिपक्यामागून ठिपका दाबत होती. कपाटांच्या गल्ल्यांत पोर एकदम गप्प झालं. डोळे मोठे करून ते दोन्हीकडे बघत होतं, जणू ती कपाटं खरंच त्याच्या खांद्याला घासून मागे जात होती. चार वाजून बावीस. चार वाजून अठ्ठावीस. सहावं दार उघडलं.

या खोलीत थांबायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. खिडकीकडे बघायचंच नाही. पण चारांपैकी एक ठिपका नेमका खिडकीच्या चौकटीवर होता. खोली वळली, खांब गेला, खिडकी आली.

ढब्बूने चमचा पुढे केला आणि पुसलेल्या चेहऱ्याच्या त्या मुलीवर ठेवला. "आई," तो म्हणाला.

ती काही बोलणार, तेवढ्यात चमचा सरकत शेजारच्या खांबावरच्या लाल अग्निशामक नळकांड्यावर गेला. "आई," ढब्बू त्याच ठामपणे म्हणाला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तीही मीच." आणि ठिपका दाबला.

आवाज खिडकीजवळच्या शांततेबद्दल काहीतरी सांगत होता. तेवढ्या वेळात तिने चित्र मोठं करून पुस्तकाच्या पाठीवरचा हात पाहिला. बोटांच्या फटीतून पांढरी चिठ्ठी दिसत होती, त्यावर आकडे. दोन, सात, एक, चार. पाचव्या आकड्यावर अंगठा होता. तिचा स्वतःचा अंगठा.

सातवी खोली तळघरातली, नकाशांची. ती कशी संपली हे तिला नंतर आठवेना. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी स्क्रीनवर एक रिकामी चौकट आली. 'शेवटचं काम. आपल्याला हवं असलेलं कोणतंही एक पुस्तक मागवा. पुस्तकाचा क्रमांक लिहा.'

चौकटीशेजारी कोपऱ्यात लहानशी खिडकी होती, 'चौकशी टेबल'. तिने लिहिलं, "नमस्कार. एक विचारायचं होतं."

उत्तर लगेच आलं. "बोला."

"वाचनकक्षाच्या चित्रात खिडकीजवळ एक मुलगी बसलीय. तिच्या हातातलं पुस्तक मला हवंय. क्रमांक २७१४ पर्यंत दिसतो. पाचवा आकडा तिच्या अंगठ्याखाली आहे."

उत्तर आलं, "तेवीस वर्षं या टेबलावर बसतेय. लोकांनी हरवलेली छत्री विचारलीय, नवरा विचारलाय. अंगठ्याखालचा आकडा पहिल्यांदाच."

"माफ करा."

"माफी कशाला. प्रश्न आहे, उत्तर असणार. पण ते कपाट जुनं आहे, संगणकावर चढलेलं नाही. वर जाऊन बघावं लागेल. तुमची मुदत पाचची दिसतेय. कुठलंही पुस्तक चालतं, बाई. सगळी मुलं यादीतलं पहिलं मागवतात आणि मोकळी होतात. घ्यायला कुणी येत नाही."

ती थांबली. ढब्बू चमचा चावत होता. यादीतलं पहिलं पुस्तक समोरच दिसत होतं, क्रमांक एक. टाकला की सुटलं. पण मग सोमवारी त्या खऱ्या दारातून आत जाऊन ती कुठे बसणार होती? पाच वर्षांच्या अलीकडच्या काठावर उभं राहून तिला एकच धागा दिसत होता, आणि त्याचं टोक त्या मुलीच्या अंगठ्याखाली होतं.

"तेच हवंय," तिने लिहिलं. "अर्धवट राहिलंय."

"विषय?"

"नद्यांची सोडलेली पात्रं."

"निघाले. लिफ्ट बंद आहे आणि गुडघे माझे आहेत. दहा मिनिटं धरा. चौकट रिकामी ठेवू नका."

तिने चौकटीत क्रमांक एक लिहून ठेवला. काळजी करणाऱ्या माणसाला रिकामी चौकट तशीही बघवत नाही. आता चार छप्पन्नपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. नाही, सत्तावन्न. ढब्बूचे दोन्ही हात तिने आपल्या एका मुठीत धरले, कारण तो चौकटीकडे बघून हसत होता आणि त्या हसण्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

ती मनाने त्या बाईंच्या मागोमाग जिना चढत गेली. पहिला मजला, गुडघ्यावर हात. दुसरा. कठडा गार असायचा, उन्हाळ्यातसुद्धा. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा अडसर उचलताना एक बारीक किरकिर व्हायची, मग डावीकडची गल्ली, मग शेवटचं कपाट, त्याच्या खालच्या कप्प्याला वाकावं लागायचं. आपण त्या कपाटाशी मांडी घालून बसायचो, लाद्यांचा थंडपणा अंगात चढायचा. हे कुठे होतं इतकी वर्षं? चाळणीत नक्की काय राहिलं होतं? बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर चादर झटकल्याचा आवाज आला, आणि कपाटाशी वाकलेल्या बाईंनी एकेक पुस्तक ओढून पाहिल्याचा.

चार त्रेपन्न. चार पंचावन्न. चार छप्पन्न.

"आले," खिडकीत उमटलं. "२७१४० ते २७१४९. दोन बाहेर गेलीत. एक तीन वर्षं सापडत नाही, त्याचा नाद मी सोडलाय. तीन हिरव्या पुठ्ठ्याची. चार तपकिरी. एक मधमाश्यांचं, एक घड्याळदुरुस्तीचं, एक हिशेब कसे ठेवावेत याचं, एक नद्यांचं."

"नद्यांचं."

"मला वाटलंच. शेवटचा आकडा सात."

तिने चौकटीतला एक खोडला. दोन, सात, एक, चार, सात. बोट क्षणभर अधांतरी राहिलं, उचललेल्या शिक्क्यासारखं, आणि मग खाली आलं. एक गोल फिरू लागला. फिरत राहिला. ढब्बूही त्याच्याकडे मान फिरवून फिरवून बघत होता. चार अठ्ठावन्न. स्क्रीन पांढरी झाली, आणि पांढऱ्यावर अक्षरं आली. 'ग्रंथालय परिचय पूर्ण. आपला ग्रंथालय क्रमांक खाली दिला आहे. नोंदणी पक्की झाली.'

तिने क्रमांक आधी कागदावर लिहिला, मग हातावर लिहिला, मग फोनने फोटो काढला, मग दुसऱ्या कागदावर लिहून तो डब्यांमागे ठेवला. मग कुठे तिने पोराचे हात सोडले.

"मिळाला," तिने चौकशी टेबलाला लिहिलं. "तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या गुडघ्यांचेही."

"गुडघ्यांचं बोलू नका. त्या फेरफटक्यातल्या शिडीवरची बाई मीच. फोटोवाल्याने एक पाय वर करून पाच मिनिटं उभी केली होती. तेव्हापासून त्या पायाने मान टाकलीय." आणि लगेच खाली, "एक तक्रार आहे. या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने समासात नदी काढलीय. पहिल्या पानापासून सुरू होते, पान उलटलं की पुढे वाहते. वळणं घेते. एकशे बाराव्या पानावर थांबते. ग्रंथालयाच्या पुस्तकात खुणा करायला सक्त मनाई आहे, हे तुम्ही आजच दोनदा ऐकलंत."

तिचे कान गरम झाले. समास. पेन्सिल. ती नदी तिने वाचता वाचता काढली होती, बोट अडकवलं ते पान येईपर्यंत. "ऐकलंय," तिने लिहिलं.

"मुलगी कोण ते कळलं तर खोडायला बसवणार आहे. नारिंगी रफूवाली होती. शिडीवरून तिचं कोपर तेवढं दिसायचं."

ढब्बूने तिच्या वतीने चमच्याने तीन-चार अक्षरं दाबली आणि ती तशीच गेली.

"हे उत्तर मी होकार समजते," बाईंनी लिहिलं. "सोमवारी पुस्तक देवघेवीवर तुमच्या क्रमांकाने ठेवते. खोडरबर आणा. पोर आणलंत तरी चालेल, माझ्या टेबलाशी बसेल. वाचनकक्षात मात्र नाही. चमचे तर नाहीच."

चमच्यांचं त्यांना कसं कळलं हे तिला नंतर कितीदा विचार करूनही उमगलं नाही.

सासूबाई आल्या तेव्हा साडेपाच होत आले होते. भिंतीला हात लावत लावत त्या टेबलापर्यंत पोचल्या. थेंबांनी डोळे काळेभोर, थोरले झाले होते. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई."

"मग आता काय बघतेस?"

ती पुन्हा वाचनकक्षात गेली होती. आता ठिपके उरले नव्हते, घाई नव्हती. सासूबाई तिच्या खांद्यावरून वाकल्या. "कोण गं ही? हिचा चेहराच दिसत नाहीये. का माझ्या डोळ्यांतले थेंब?"

"नाही, तो तसाच आहे."

सासूबाईंनी मान तिरकी करून, मग सरळ करून पाहिलं. "चेहऱ्याचं जाऊ दे. स्वेटर ओळखला मी. तो मागच्या वर्षी तू टाकायला काढलेल्या गाठोड्यात होता. त्याचं मी न्हाणीघराचं पायपुसणं केलंय."

ती उठून न्हाणीघराच्या दाराशी गेली. हिरवं, झिजलेलं, चौकोनी, कडेला नारिंगी धाग्याचा एक ओरखडा. रोज चारदा ती त्यावर पाय पुसत होती. ढब्बू रांगत तिच्या मागे आला आणि त्या ओरखड्यावर बोट ठेवून बसला. तो नुसता श्वास घेत राहिला. तिने मोजला नाही.

"आई," तिने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "आपल्याकडे खोडरबर आहे का हो?"

"असेल की खणात. आता काय खोडायचंय?"

"खोडायचं नंतर," ती म्हणाली. "पेन्सिलही लागेल. एकशे तेरावं पान राहिलंय."

"मला काय कळणार तुमचं," सासूबाई म्हणाल्या आणि हाताने चाचपडत चहाचं भांडं शोधू लागल्या.